घर बोटं मोडतं

आमच्या शाळेत आठवीच्या दोन तुकड्यांची मिळून एक तुकडी झाली, त्या वर्षी मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. कोपरखैरण्यातली आमची शाळा मराठी माध्यमाची. सकाळी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बस आमच्या फाटकासमोरूनच वळतात, आणि त्यात बसलेली काही मुलं आदल्या वर्षापर्यंत आमच्याकडेच असायची.

"आपण इंग्रजीचं काहीतरी करू या," सर म्हणाले. "नुसतं पाठ्यपुस्तक नको. वाचन, गोष्टी, नाटुकली, वक्तृत्व. पालकांना दिसलं पाहिजे."

मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवत होते आणि त्यातली अर्धी वर्षं रिकाम्या जागा भरून घेण्यात गेली होती. मला आनंद झाला. दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास, नववीची मुलं, यायचं त्यांनी यावं, अशी सुरुवात झाली. एकतीस जण आले. मी स्वतः रत्नागिरीकडच्या शाळेत पाचवीपासून इंग्रजी शिकलेली, त्यामुळे या मुलांची भीती मला ओळखीची होती. ती घालवायला मी त्यांना एकेक वही आणायला सांगितली. रोज घरी पाच वाक्यं लिहायची. चुकलं तरी चालेल. फक्त पाचातल्या एका वाक्यात एखादी निर्जीव वस्तू माणसासारखी वागली पाहिजे.

"मराठीच्या तासाला चेतनगुणोक्ती शिकता ना, तीच," मी म्हटलं. "इंग्रजीत करून दाखवा."

मुलांना ते फार आवडलं. कुणाचा पंखा म्हातारा होऊन खोकायला लागला, कुणाची सायकल रुसली. एकाने लिहिलं की आमच्या सोसायटीची लिफ्ट नोकरी सोडून गेली आहे. मी रविवारी दुपारी वह्या तपासायला घ्यायचे आणि एकटीच हसायचे. नवरा म्हणायचा, एवढं काय आहे त्यात?

ती मुलगी तिसऱ्या बाकावर बसायची. साताऱ्याकडची. वडील वाशीच्या घाऊक बाजारात माथाडी, आई घरी डबे करायची, एक धाकटा भाऊ. गावठाणात, जिथे घराला घर चिकटलेलं आहे आणि दोन इमारतींमधून एक माणूस आडवा होऊन जातो, तिथे पाच मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांची भाड्याची खोली होती. वर्गात ती बोलायची नाही. हजेरीला "प्रेझेंट टीचर" म्हणायची, तेवढाच तिचा आवाज मला माहीत होता.

तिच्या वहीतलं पहिलं वाक्य माझ्या अजून लक्षात आहे. 'अवर वॉल इज स्माइलिंग.' आमची भिंत हसते आहे. पुढे लिहिलं होतं, हसू लहान आहे, खिडकीपासून सुरू होतं. मी लाल पेनने बाजूला 'व्हेरी गुड' लिहिलं आणि खाली एक चांदणी काढली.

पंधरा दिवसांनी हसू मोठं झालं होतं. मग भिंतीने तोंड उघडलं. मग एक दिवस तिची फूटपट्टी त्या तोंडात गेली, तीन सेंटिमीटरपर्यंत, आणि भिंतीने ती चावली नाही. मी 'चावली नाही' खाली रेघ ओढून 'वंडरफुल' लिहिलं. क्रियापदाचा काळ चुकला होता, तो सुधारला. गणपतीच्या सुट्टीनंतरच्या पानावर तिने लिहिलं, संध्याकाळी सगळे शांत बसले की आमचं घर बोटं मोडतं. तिने ते मराठीतून जसंच्या तसं उचललं होतं, 'ब्रेकिंग इट्स फिंगर्स'. मी त्यावर काट मारून वर नीट लिहिलं, 'क्रॅकिंग इट्स नकल्स'. इंग्रजीत बोटं मोडण्याला काय म्हणतात ते शनिवारी साऱ्या वर्गाला फळ्यावर लिहून दिलं, आणि सगळ्यांनी आपापली बोटं कडाकडा मोडून दाखवली. ती तेवढी हात मांडीवर ठेवून बसली होती.

तिची वही मी शिक्षकखोलीत वाचून दाखवायला लागले. बाथरूमचं दार जाडं झालं आहे, त्याला चौकटीत बसता येत नाही, हे वाक्य ऐकून विज्ञानाच्या बाई खूप हसल्या. "हिला कुठून सुचतं गं हे?" त्या म्हणाल्या. माझी मान ताठ झाली. इतक्या वर्षांत मला अशी एक मुलगी मिळाली होती.

डिसेंबरात शाळाशाळांची इंग्रजी कथाकथनाची स्पर्धा होती, सीबीडी बेलापूरला, एका सभागृहात. मी तिच्या वहीतली वाक्यं निवडून, जोडून, तिची एक चार मिनिटांची गोष्ट बांधली. नाव दिलं 'माय हाऊस इज अलाइव्ह'. दोन आठवडे मी तिचा सराव घेतला. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, भिंत तोंड उघडते तिथे डोळे कसे मोठे करायचे.

एकदा सरावाच्या मध्येच ती थांबली.

"टीचर, शेवटी हे खरं आहे असं सांगायचं का?"

"नाही गं," मी म्हटलं. "गोष्टीत खरं-खोटं कुणी विचारत नाही. गोष्ट चांगली असली की झालं."

तिने मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हे वाक्य बोलताना माझा हात तिच्या खांद्यावर होता. ते मला विसरता येत नाही.

स्पर्धेत तिला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांपैकी एका गृहस्थांनी बक्षीस देताना माइकवरून विचारलं, ही कल्पना कशी सुचली? ती घाबरून इंग्रजीत म्हणाली, "सर, इट इज अवर हाऊस." सभागृहात हशा पिकला. टाळ्या पडल्या. मीही हसले. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग ती खाली पायांकडे बघत पायऱ्या उतरली.

त्यानंतरच्या रविवारी मी वह्या घेऊन बसले होते. दुपारचं जेवण झालं होतं, खाली मुलं क्रिकेट खेळत होती. तिच्या वहीत त्या आठवड्याचं शेवटचं पान होतं. पाचही वाक्यं साधी. काल भावाचा बॉल दारापाशी होता. कुणी पाय लावला नाही. तो आपणहून खिडकीपर्यंत गेला. आम्ही परत दारापाशी ठेवला. तो परत गेला.

एकाही वाक्यात चेतनगुणोक्ती नव्हती. तसं मी समासात लिहायला पेन टेकवलं, आणि हात तिथेच थांबला.

मी वही पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. या वेळी चुका बघितल्या नाहीत. भिंत, फूटपट्टी, आवाज, दार, बॉल. पानापानावर माझ्या लाल चांदण्या. जुलैपासून ती मला एकच गोष्ट सांगत होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर निघाले. आमच्या सोसायटीत एक काका राहतात, साइटवर सुपरवायझर म्हणून सगळं आयुष्य गेलेले. त्यांना फोन करून नाक्यावर बोलावून घेतलं. इमारत लांबून इतरांसारखीच दिसत होती. गुलाबी रंग, पावसाने काळवंडलेला, ग्रिलमध्ये तुळशी आणि वाळत घातलेले कपडे. तळमजल्यावर पूर्वी दोन गाळे होते, त्यांचा एक केला होता. टेम्पो आत यावा म्हणून मधला खांब काढला होता आणि तिथे लोखंडी पाइप उभे केले होते. काका त्या पाइपांपाशी बराच वेळ उभे राहिले. वर यायला ते तयार झाले नाहीत.

"तुम्ही पण फार वेळ थांबू नका," एवढंच म्हणाले.

तिच्या आईने दार उघडलं. "या की बाई, बसा." ती लगबगीने चहा ठेवायला गेली. मी उभीच होते. भिंतीवर कॅलेंडर होतं. मुलीने ते बाजूला केलं. खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपी भेग गेली होती, आणि तिच्यातून पलीकडच्या जिन्यातला उजेड दिसत होता.

"कधीपासून आहे हे?"

"पावसाच्या आधीपास्नं," आई म्हणाली. "मालक म्हंत्यात, प्लास्टर फुगलंय. नवं करून देतो. आवं, सगळ्यांच्याच घरात हाय."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

तिने गॅस बारीक केला. "वाटून कुठं जायचं? हितनं शाळा जवळ, मार्केट जवळ. ह्यांना पहाटं चारला निघावं लागतं."

चहा मी जिन्यातच संपवला. खाली आले तर काकांशी मालक बोलत होता. साठीचा, अंगात बनियन, गळ्यात टॉवेल. इथलाच मूळचा. त्याच्या वडिलांची इथे भातशेती होती म्हणे. मी त्याला जे पाहिलं ते सांगितलं. तो चिडला नाही. हसला.

"बाय, तुमी इंग्लिश शिकवता ना? मंग इंग्लिश शिकवा. मी सोता वरच्या माल्यावर ऱ्हातो, सुना-नातवंडं घेऊन. मना मराचा हाय का?"

तो खोटं बोलत नव्हता. वरच्या मजल्यावरून त्याची नात खाली वाकून आम्हाला हात करत होती.

परतताना काका म्हणाले, "कधी पडेल ते कुणी सांगू शकत नाही. दहा वर्षं उभी राहील. उद्या दुपारीही जाईल. मी माझ्या माणसाला तिथे एक दिवस ठेवणार नाही."

मी महापालिकेला अर्ज लिहिला. मुख्याध्यापकांनी सही करायला दोन दिवस घेतले, पण केली. अर्ज दिला, पोच घेतली, आणि मग वाट पाहणं सुरू झालं. ते तीन आठवडे मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. हजेरी घेताना तिच्या नंबरच्या आधी माझा आवाज आपोआप हळू व्हायचा. "प्रेझेंट टीचर" आलं की मी पुढे जायचे. एकदा तिला सर्दी होती आणि उत्तर ऐकू आलं नाही, तर मी खुर्चीवरून उठले होते. शाळेच्या वेळात अग्निशमन दलाच्या गाडीचा आवाज आला की मी खडू ठेवून खिडकीपाशी जायचे. मुलांना गंमत वाटायची. तिच्या आईला मी दोनदा फोन केला. दुसऱ्या वेळी तिने उचलला नाही.

शेवटी पालिकेची दोन माणसं आली. त्यांनी हातोडीने खांबांवर ठोकून पाहिलं, फोटो काढले आणि तळमजल्यावर नोटीस डकवली, इमारतीची तपासणी करून घ्या म्हणून. मला वाटलं, सुटलो. पण आठच दिवसांत मालकाने सगळ्या भेगा बुजवून घेतल्या, आतून-बाहेरून प्लास्टर केलं, आणि गुलाबीच्या जागी पिवळा रंग मारला. लोक खूश झाले. इतक्या वर्षांत मालकाने पहिल्यांदाच रंग दिला होता, आणि तो बाईंच्या अर्जामुळे. तिच्या आईने मला डब्यातून पुरणपोळ्या पाठवल्या.

त्या शनिवारी मुलीच्या वहीत एकच वाक्य होतं. भिंतीला आता तोंड नाही, म्हणून ती काही सांगू शकत नाही.

मी काही लिहिलं नाही. वही बंद केली आणि तिच्या वडिलांना शाळेत बोलावलं.

ते दुपारी बाजारातून थेट आले. खांद्यावर कांद्याच्या सालींचा चुरा होता. खुर्चीवर बसायला संकोचत होते, म्हणून मीही उभी राहिले. मी काकांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. खांब काढलाय, प्लास्टरने काही होत नाही, भेग आत तशीच आहे. मग ते शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे वळले.

"तू रोज त्या भितीपाशी बसतीस अभ्यासाला. तुला काय वाटतंय?"

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "मला पहिल्यापासून भीती वाटायची. म्हणून तर मी वहीत लिहायला लागले. पण टीचरनी व्हेरी गुड लिहिलं. मला वाटलं, टीचरना कळतंय म्हणजे घाबरायचं कारण नसेल."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती फक्त वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर देत होती. वडिलांना ते सगळं समजलं की नाही कोण जाणे.

"मी चुकले," मी म्हटलं. "मी वाचलंच नाही. नुसतं तपासलं."

वडिलांनी खांद्यावरचा चुरा झटकला. "ती भीती म्हणत असंल तर न्हाई ठेवत तिथं," ते म्हणाले. "पण बाई, हिकडं दुसरी खोली मिळायची न्हाई आम्हाला. गावी धाडतो तिघांना. मी ऱ्हाईन मार्केटातल्या गाळ्यावर, चारचौघांत."

मी म्हटलं, जवळपास कुठे बघू, मी विचारते, घणसोलीत, बोनकोड्यात. मी खरंच विचारलं. दहा दिवस विचारत होते. त्यांना परवडेल अशी जी खोली दिसायची, ती तशाच एखाद्या इमारतीत असायची. तेव्हापासून मला त्या इमारती दिसायला लागल्या, आधी दिसत नव्हत्या असं नाही. खालचा गाळा मोठा केलेला, वर बेकायदा चढवलेला मजला, प्रत्येक दारासमोर चपला.

जानेवारीच्या अखेरीस ते गेले. नववीची परीक्षा दोन महिन्यांवर होती. मी दाखल्याचे कागद स्वतः पूर्ण केले. तिने वही मला परत देऊ केली. मी म्हटलं, तुझी आहे, ठेव. तिने दप्तरात ठेवली. बक्षिसाची छोटी ढाल तिच्या भावाच्या हातात होती, तो ती जिन्याच्या कठड्यावर टकटक वाजवत होता.

ती खोली पंधरा दिवस रिकामी राहिली. मग तिथे महापेच्या कंपनीत कामाला असलेल्या दोन भावांचं बिऱ्हाड आलं, बायका-मुलांसह. मी जाऊन त्यांना सांगितलं. मोठ्या भावाच्या बायकोने दारातच ऐकून घेतलं आणि म्हणाली, मालकांनी सांगितलंय, एक टीचर येतील म्हणून. ती हे सभ्यपणे बोलली आणि दार लावून घेतलं. दुसरा अर्ज केला, तिसरा केला. आता मी पालिकेच्या अर्जांच्या खिडकीपाशी दिसले की तिथले कर्मचारी हळूच एकमेकांकडे बघतात.

या सगळ्याला वर्ष होत आलं. एक पावसाळा झाला. इमारत उभी आहे. मालक भाजीच्या गाडीपाशी भेटतो. "बाय, बघा, हाय ना उभी?" तो खरोखरच प्रेमाने विचारतो, आणि मी मान डोलावते. त्याची नात आता आमच्याच शाळेत पाचवीत आहे. शनिवारचा वर्ग चालू आहे, मुलं वाढली आहेत, मुख्याध्यापकांनी फलक लावलाय. वह्या मी अजूनही रविवारी तपासते. वेळ फार लागतो.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला, वडिलांच्या नंबरवरून. ते सुट्टीला गावी गेले होते. ती दहावीत आहे. गावच्या शाळेत इंग्रजीला वर्षात तीन शिक्षक बदलले, म्हणाली. अकरावीसाठी तालुक्याला जावं लागेल आणि एसटी एकच आहे, घरात अजून काही ठरलेलं नाही. आई शेतावर मजुरीला जाते. मी अभ्यासाचं विचारत राहिले, ती हो-नाही करत राहिली. तिला वेगळंच काही विचारायचं होतं.

"टीचर, पडली का?"

"नाही," मी म्हटलं.

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"मग आम्ही उगाच आलो का?"

तेवढ्या क्षणात माझ्या मनात जे आलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. ती इमारत पडायला हवी होती, असं आलं. पिवळा रंग, ग्रिलमधल्या तुळशी, वरून हात करणारी ती पाचवीतली मुलगी, दारात उभी असलेली ती मोठ्या भावाची बायको, सगळं मला माहीत असूनही आलं. आणि फोनच्या त्या टोकाला तिच्याही मनात तेच असावं.

"उगाच नाही आलात," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. मग आईने हाक मारली, आणि तिने फोन ठेवला.